प्रायमरीत मनातल्याला मत द्यायचं का निवडून येणाऱ्याला? (आणि ग्रुपवरच्या भांडणांचं काय करायचं)

ताईंचा प्रश्न आधी थोडक्यात सांगते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. त्या न्यू जर्सीत राहतात, नुकत्याच सिटिझन झाल्यात, 2028 च्या प्रेसिडेन्शियल प्रायमरीत (म्हणजे पक्षाचं तिकीट कुणाला द्यायचं ते ठरवणारं मतदान) डेमोक्रॅटिक पक्षाकडून पहिल्यांदा मत देणार. मराठी मित्रमंडळींच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर आत्तापासूनच हा बरा का तो बरा सुरू झालंय. 2016 ला याच ग्रुपमधले दोन जुने मित्र हिलरी क्लिंटन का बर्नी सँडर्स यावरून असे भांडले की आजही एकाच्या घरी कार्यक्रम असला की दुसरा येत नाही. तर त्यांना दोन गोष्टी विचारायच्यात. मनाला पटतो त्याला मत द्यावं का नोव्हेंबरातल्या मुख्य निवडणुकीत निवडून येऊ शकेल त्याला? आणि भांडण न होता यावर बोलता येतं का?

मी सांगलीची, पण गेली पंचवीस-सव्वीस वर्षं आयोवात, डी मॉइनच्या जवळ. 2008, 2016 आणि 2020 अशा तीन वेळा कॉकसला (प्रायमरीऐवजी आमच्याकडे भरायची ती, सगळ्यांनी एकत्र जमून उमेदवार निवडायची सभा) गेले, पैकी शेवटच्या दोन वेळा प्रीसिंक्ट कॅप्टन म्हणून, म्हणजे आपल्या वॉर्डातली एका उमेदवाराची माणसं गोळा करायची, त्यांना रात्री सातच्या आत शाळेच्या जिममध्ये आणायचं आणि तिथे टिकवून ठेवायचं. राजकारणाची पंडित वगैरे अजिबात नाही. पण शेजाऱ्यांशी उमेदवारांवरून समोरासमोर वाद घालणं या कामात माझी बरीच वर्षं गेलीत, त्यामुळे त्याबद्दल बोलू शकते. मी डेमोक्रॅटिक बाजूचंच सांगणार, रिपब्लिकनांचे नियम वेगळे आहेत, मध्ये एकदा त्यावर येते.

तर मला वाटतं ताई, तुमचा खरा प्रश्न "मन का डोकं" हा नाहीये. 2016 चं तुमच्या त्या दोन मित्रांचं भांडण आठवून बघा. दोघांनाही आरोग्य विमा सगळ्यांना हवा होता, दोघांनाही ट्रम्प नको होता, दहातल्या नऊ गोष्टींवर एकमत. मग भांडले कशावरून? तर "तुझा माणूस जिंकणार नाही" यावरून. म्हणजे ओहायोतला, विस्कॉन्सिनमधला कुणी एक माणूस, जो या दोघांनी आयुष्यात बघितलेला नाही, तो नोव्हेंबरात काय करेल याच्या अंदाजावरून. प्रायमरीतली जवळजवळ सगळी भांडणं अशीच असतात, आपण उमेदवारावर बोलतोय असं वाटतं पण बोलत असतो तिसऱ्याच कुणाच्या तरी मनाबद्दल, आणि ते सिद्ध करता येत नाही म्हणून आवाज चढतो, आणि आवाज चढला की मग मुद्द्यावरून माणूस माणसावर येतो, तू सेक्सिस्ट, तू विकला गेलेला, तुला काय गरिबांचं पडलंय, वगैरे.

महाराष्ट्रात आपल्याला याची सवयच नाही हेही एक कारण आहे. तिकडे तिकीट कुणाला मिळणार ते वर ठरतं, एबी फॉर्म कुणाच्या खिशात येतो ते शेवटच्या रात्री कळतं, आपण नुसते बघे. इथे तिकीट कुणाला द्यायचं हे सामान्य मतदार ठरवतात. हे फार जुनं आहे असंही नाही हं, 1968 ला ह्युबर्ट हम्फ्रीला एकही प्रायमरी न लढता डेमोक्रॅटिक तिकीट मिळालं होतं, शिकागोच्या अधिवेशनाबाहेर रस्त्यावर मारामारी झाली, मग पक्षाने नियम बदलले आणि 1972 पासून ही आत्ताची पद्धत रुळली. म्हणजे घरातल्या घरात जाहीर भांडायची सोय करून दिलेली आहे म्हणा ना.

आता "निवडून येणारा" या शब्दाबद्दल. मी 2004 ला सिटिझन नव्हते, नुसती बघत होते. डेमोक्रॅटिक तिकीट मागणाऱ्या हॉवर्ड डीनची काय हवा होती इथे, तरुण पोरं नारिंगी टोप्या घालून दारोदार. आणि मग ऐन वेळी लोक म्हणाले नको बाबा, दुसरा उमेदवार जॉन केरी युद्धात लढलेला आहे, प्रेसिडेंट बुशसमोर तोच टिकेल. तेव्हा गाड्यांच्या मागे स्टिकर असायचं, "डीनबरोबर फिरलो, लग्न केरीशी केलं" अशा अर्थाचं. केरी आयोवा जिंकला, तिकीट जिंकला, आणि नोव्हेंबरात हरला. 2008 ला माझ्या ऑफिसातले निम्मे लोक म्हणायचे की बराक हुसेन ओबामा या नावाचा माणूस अमेरिकेत निवडून येऊच शकत नाही, तो दोनदा आला. 2016 ला रिपब्लिकन पक्षातली शहाणी माणसं ट्रम्पबद्दल हेच म्हणत होती.

आणि 2020 तर सगळ्यात भारी. बायडेन आयोवात चौथा आला. न्यू हॅम्पशायरला पाचवा. आमच्याकडे सगळ्यांनी त्याला निरोप देऊन टाकला होता, मीसुद्धा. मग साउथ कॅरोलिनात तिथले जुने खासदार जिम क्लायबर्न यांनी मतदानाच्या तीन दिवस आधी त्याला पाठिंबा दिला, 29 फेब्रुवारीला त्याला जवळपास निम्मी मतं पडली, दुसऱ्या दिवशी प्रतिस्पर्धी बुटिजेज बाहेर, तिसऱ्या दिवशी क्लोबुशार बाहेर, आणि 3 मार्चच्या सुपर ट्यूजडेला (बरीच राज्यं एकाच दिवशी मत देतात तो मंगळवार) चौदापैकी दहा राज्यं बायडेनची. चार दिवसांत! म्हणजे "हा जिंकूच शकत नाही" हे वाक्य मी स्वतः 25 फेब्रुवारीला पूर्ण आत्मविश्वासाने बोलले होते आणि 4 मार्चला तोंड लपवत होते. बरं, त्या वेळी "निवडून येणारा हवा" म्हणून ज्यांनी बायडेनला मत दिलं त्यांचं गणित नोव्हेंबरात बरोबर आलं हेही खरंय. म्हणजे हा अंदाज कधी बरोबर येतो, कधी साफ चुकतो. म्हणून मी असं नाही म्हणत की त्याचा विचारच करू नका. एवढंच म्हणते की तो स्वतःपुरता धरा, दुसऱ्याच्या डोक्यात मारायला वापरू नका.

मग मत कसं ठरवायचं? इथे मात्र सरळ उत्तर नाही, तुमचं राज्य कधी मतदान करतं यावर खूप अवलंबून आहे, आणि न्यू जर्सीवाल्यांनो, वाईट वाटून घेऊ नका, पण तुमचा नंबर येईपर्यंत पंगत बहुतेक उठलेली असते. तुमची प्रायमरी सहसा जूनच्या पहिल्या किंवा दुसऱ्या मंगळवारी. 2016 ला 7 जूनला होती आणि 6 तारखेच्या संध्याकाळीच असोसिएटेड प्रेसने जाहीर करून टाकलं की हिलरीकडे पुरेसे डेलिगेट (पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवणारे प्रतिनिधी) झालेत. तुमच्या त्या दोन मित्रांनी मार्चपासून जे रणकंदन केलं ते त्यांचं मत पडायच्या आदल्या दिवशीच निकालात निघालं होतं. 2020 ला करोनामुळे तुमची तारीख 7 जुलै झाली आणि सँडर्सने 8 एप्रिललाच मोहीम थांबवली होती. अशा वेळी "मन का डोकं" हा प्रश्नच उरत नाही, खुशाल मनातल्याला द्या, काही बिघडत नाही. फक्त 2028 चं वेळापत्रक ठरलं की आपल्या राज्याची तारीख एकदा बघून घ्या, राज्यं तारखा पुढेमागे करत असतात. 2008 ला तुमच्याच न्यू जर्सीने ती 5 फेब्रुवारीला, सुपर ट्यूजडेला, आणली होती.

त्या 5 फेब्रुवारीची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही कारण ती तुमच्या राज्याची आहे. न्यू जर्सीत अकरा लाखांवर लोकांनी डेमोक्रॅटिक प्रायमरीत मत दिलं, हिलरी चांगली जिंकली, तिला 59 डेलिगेट आणि ओबामाला 48. फरक 11. त्याच दिवशी आयडाहो नावाच्या बटाट्यांच्या राज्यात कॉकस होता, एकवीस हजारांच्या आसपास माणसं, ओबामाला 15 आणि हिलरीला 3. फरक 12. म्हणजे ओबामाच्या माणसांनी आयडाहोत थंडीत ऑफिसं उघडून जे कमावलं त्यात हिलरीचं अख्खं न्यू जर्सी धुऊन निघालं आणि वर एक शिल्लक. त्या वर्षी सगळे टीव्हीवर "कोण कुठलं राज्य जिंकलं" मोजत होते आणि ओबामाची माणसं डेलिगेट मोजत होती.

याचं कारण असं की डेमोक्रॅटिक पक्षात डेलिगेट मतांच्या प्रमाणात वाटले जातात, पण राज्यात किंवा त्या डिस्ट्रिक्टमध्ये किमान 15 टक्के मतं पाहिजेत, त्याखाली असाल तर भोपळा. हे 15 टक्के लक्षात ठेवा, तुमच्या मताचा निर्णय खरं तर यावर फिरतो. तुमच्या आवडीचा उमेदवार 14-15 च्या घरात असेल तर तुमचं मत सोन्याचं आहे. तो 4 टक्क्यांवर असेल तर तुमचं मत म्हणजे मनाचं समाधान आणि पक्षाला एक निरोप, डेलिगेट मिळणार नाही. त्यात चूक काही नाही, निरोप द्यायलाही लोक मत देतात, पण माहीत असून द्या. आणि तो 35 ला असेल तर निवांत द्या. रिपब्लिकनांकडे कित्येक राज्यांत जो पहिला त्याला सगळं किंवा जवळपास सगळं, 2016 ला साउथ कॅरोलिनात ट्रम्पला साधारण साडेबत्तीस टक्के मतं पडली आणि पन्नासच्या पन्नास डेलिगेट मिळाले. त्यांच्याकडे म्हणून "मतं फुटली" ही ओरड खरी असते. आपल्याकडे तेवढी नसते, तरी ग्रुपवर कुणीतरी "तुझ्यामुळे मतं फुटली" म्हणतंच.

आता माझ्या दोन-तीन रात्री सांगते कारण मला जे काही कळलंय ते तिथेच कळलंय.

2008. 3 जानेवारी, बाहेर हाडं गोठवणारी थंडी, मी नवीकोरी सिटिझन, शाळेच्या जिममध्ये पाय ठेवायला जागा नाही. तेव्हा आमच्या डेमोक्रॅटिक कॉकसमध्ये गुप्त मतदान नसायचं, उमेदवाराच्या नावाच्या कोपऱ्यात जाऊन सगळ्यांसमोर उभं राहायचं. शेजारी बघतोय, मुलाची टीचर बघतेय, तुमचा डेंटिस्ट समोरच्या कोपऱ्यातून हात हलवतोय. मी उभी राहिले जो बायडेनच्या कोपऱ्यात. हो, तेव्हा! अकरा माणसं होतो आम्ही. 15 टक्क्यांच्या आसपासही नाही. नियम असा होता की पहिल्या मोजणीत ज्यांचा गट पुरेसा नाही त्यांनी दुसरा कोपरा गाठायचा, नाहीतर घरी जायचं. तर एका गटाचा एक गृहस्थ आला आणि म्हणाला, तुमचं संपलं, या लवकर इकडे. एवढंच. त्यानंतर ओबामाच्या कोपऱ्यातून एक म्हातारी बाई आली, हातात घरी केलेल्या कुकीजचा डबा, आणि तिने विचारलं, "बायडेनमध्ये तुला काय आवडलं?" मी सांगितलं, परराष्ट्र धोरण, अनुभव. ती म्हणाली ओबामाकडे तेवढा अनुभव नाही हे खरंय. चक्क मान्य केलं! आणि मग इराक युद्धाबद्दल दोन वाक्यं बोलली. अकरापैकी आठ जण तिच्या मागे गेलो. कुकीज खरं सांगायचं तर बऱ्याच कडक होत्या.

2016 ला मी हिलरीची कॅप्टन आणि माझा एकोणीस वर्षांचा मुलगा समोरच्या भिंतीला, बर्नीच्या गटात. घरात दोन महिने आधीपासून धुसफूस चालूच होती पण विनोदावर निभावत होतं. त्या रात्री आमच्या गटातला एक काका, चांगला माणूस, वर्षानुवर्षं ओळखीचा, मोठ्याने म्हणाला की या पोरांना आई-बापांच्या पैशावर क्रांती करायचीय. माझा मुलगा दहा फुटांवर. मी कॅप्टन, मी त्या काकाला थांबवायला हवं होतं, मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं कारण मला तो काका मोजणीत हवा होता. राज्याचा निकाल लागला हिलरी 49.8, बर्नी 49.6. गाडीतून घरी येताना आमच्यात एक शब्द नाही. नोव्हेंबरात त्याने हिलरीला मत दिलं का, हे मी आजवर विचारलेलं नाही आणि त्यानेही सांगितलेलं नाही.

यावरून तुमच्या ग्रुपमधला एक नेहमीचा आरोप घेते, "बर्नीवाल्यांमुळे ट्रम्प आला". निवडणुकीनंतरच्या एका मोठ्या सर्व्हेत प्रायमरीत बर्नीला मत दिलेल्यांपैकी साधारण 12 टक्के लोक नोव्हेंबरात ट्रम्पकडे गेले असं दिसलं. म्हणजे गेले, खोटं नाही. पण त्यातले बरेच मुळात डेमोक्रॅट नव्हतेच. आणि 2008 ला हिलरीच्या मतदारांपैकी रिपब्लिकन मॅकेनकडे गेलेल्यांचं प्रमाण यापेक्षा जास्तच होतं, तरी ओबामा आरामात जिंकला म्हणून त्यांना कुणी गद्दार म्हणत नाही. हे आकडे ग्रुपवर टाकायला हरकत नाही. पण खरं सांगू का, आकडे टाकून आजवर एकाही काकाचं मत बदललेलं मी बघितलेलं नाही.

2020 ची रात्र मला सगळ्यात जास्त लागली. मी एमी क्लोबुशारची कॅप्टन, शेजारच्या मिनेसोटाची, मला तिचं काम पटायचं. आमच्या खोलीत 212 माणसं, 15 टक्के म्हणजे 32 लागणार. पहिल्या मोजणीत आम्ही 29. तीन कमी! आणि बाजूलाच अँड्र्यू यांगचे चौदा जण, त्यांचाही गट पुरेसा नाही, म्हणजे ते मोकळे झाले. चौदातले तीन. मी धावत गेले. तिथे एक मुलगा म्हणाला, तुमच्या गटातल्या त्या बाईंनी महिनाभर फेसबुकवर आम्हाला "फुकट हजार डॉलरवाले" म्हणून चिडवलंय, आमच्या आईलासुद्धा म्हणाल्यात. (यांग दर महिन्याला प्रत्येक प्रौढाला हजार डॉलर द्यायचे म्हणत होता.) मी काय बोलणार? ती पोस्ट मी लाइक केलेली होती. चौदातला एक जण आमच्याकडे आला, बाकीचे बहुतेक बुटिजेजकडे गेले. आम्ही 30. दोन माणसांनी हुकलं, मोडला गट, आणि मग आमचेच लोक दोन-दोन चार-चार करून इकडेतिकडे पांगले. त्या वर्षी अ‍ॅप बंद पडून राज्याचे निकाल कित्येक दिवस रखडले आणि सगळं जग आयोवाला हसलं, पण मला त्या रात्री त्याचं काही नव्हतं, मला ते दोन जण दिसत होते.

तेव्हापासून मी कुणाशीही प्रायमरीवर बोलायला लागले की आधी "तुझा कोण" विचारत नाही, "तुझा दुसरा नंबर कोण" हे विचारते. करून बघा तुमच्या ग्रुपवर. पहिला नंबर विचारला की माणूस वकिली सुरू करतो. दुसरा विचारला की तो थांबतो, विचार करतो, आणि बहुतेक वेळा असं निघतं की तुझा दुसरा तो माझा पहिला आहे. आणि असा हिशोब धरला की भाषाही आपोआप सुधारते, कारण मार्चमध्ये ज्याचा उमेदवार बाहेर पडणार त्याचं मत तुम्हाला हवंय. 2020 ला वीसच्या वर उमेदवार होते, एक सोडून सगळे बाहेर पडले. म्हणजे आज ग्रुपवर ज्या कुणाशी भांडाल तो उद्या तुमच्याकडे तरी यायचाय किंवा तुम्ही त्याच्याकडे तरी जायचंय.

"आपला माणूस" हा मुद्दा तुम्ही विचारला नाहीत पण ग्रुपवर तो येणारच म्हणून लिहिते. कमला हॅरिस 2019 च्या डिसेंबरातच बाहेर पडल्या, आमच्या कॉकसच्या दोन महिने आधी, त्यामुळे आमच्या मंडळातली "आईचं गाव कुठलं" ही सगळी चर्चा वाया गेली. 2024 ला निकी हेली आणि विवेक रामस्वामी रिपब्लिकन बाजूला होते, तेव्हा कट्टर डेमोक्रॅट घरांतूनही "बघू तरी" असा सूर ऐकला. आणि आपले बेळगावचे श्री ठाणेदार. ते 2018 ला मिशिगनमध्ये गव्हर्नरच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत तिसरे आले, ग्रेचन व्हिटमर जिंकल्या. मग 2022 ला डेट्रॉइटकडच्या काँग्रेसच्या जागेसाठी नऊ जणांच्या गर्दीत साधारण 28 टक्के मतांवर प्रायमरी जिंकले आणि पुढे खासदार झाले. आता तिथे "जो पहिला तो जिंकला" असा नियम आहे म्हणून 28 टक्क्यांत भागलं. मराठी माणूस पुढे गेला की मलाही बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण मत देताना मी स्वतःला एक विचारते, याचं आडनाव वेगळं असतं तर मी याच्यासाठी थंडीत दारोदार गेले असते का. उत्तर हो असेल तर मग आडनावाचा आनंद बोनस.

ग्रुपचं काय करायचं ते आमच्या अनुभवावरून सांगते. आमच्या मंडळाच्या मुख्य ग्रुपवर, जिथे गणपतीचं आणि पॉटलकचं चालतं, तिथे राजकारण बंद केलं आणि ज्यांना हवंय त्यांच्यासाठी वेगळा ग्रुप काढला. पहिल्या आठवड्यात तिकडे चाळीस जण होते, महिन्याने अकरा, आणि ते अकरा जण फार छान बोलायचे. तिथे नियम एकच, फॉरवर्ड टाकायचा नाही, स्वतःच्या शब्दांत लिहायचं. मराठीत टाइप करायला लागलं की निम्मा राग बोटांतच जिरतो. नवरा-बायकोचं वेगवेगळं मत असेल तर ते घरातच राहू दे, ग्रुपवर एकमेकांना टॅग करू नका, मी दोन घरांत त्यावरून जेवण बंद झालेलं बघितलंय. आणि खरंच तत्त्वाचा प्रश्न असेल, म्हणजे उमेदवार एखाद्या समाजाबद्दल वाईट बोललाय वगैरे, तर तिथे गोड बोलायची गरज नाही, स्पष्ट सांगा, पण उमेदवाराबद्दल सांगा, त्याला मत देणाऱ्या जोशीकाकांबद्दल नाही.

आता कागदाचं काम, कारण सगळ्यात जास्त मतं भांडणात नाही, इथे वाया जातात. न्यू जर्सीत तुम्ही कुठल्याच पक्षात नोंद नसाल तर प्रायमरीच्या दिवशी जाऊन पक्ष सांगता येतो, पण एका पक्षात नोंद आहे आणि दुसऱ्यात मत द्यायचंय तर 55 दिवस आधी बदलावं लागतं. नवीन नाव नोंदणी 21 दिवस आधी. मेलने मत देणार असाल तर पक्ष न निवडलेल्यांना प्रायमरीचा बॅलट आपोआप येत नाही हेही बघा. शेजारच्या न्यूयॉर्कचे नियम फार कडक, 2016 ला खुद्द ट्रम्पची मुलं, इव्हांका आणि एरिक, पक्ष बदलायची तारीख चुकल्यामुळे बापाला प्रायमरीत मत देऊ शकली नाहीत. कॅलिफोर्नियात अपक्ष म्हणून नोंद करायची म्हणून लोक "अमेरिकन इंडिपेंडंट पार्टी"वर टिक करतात, आणि तो अपक्ष नाही, वेगळाच एक उजव्या विचारांचा पक्ष आहे! आणि लवकर मतदान करणाऱ्या राज्यांत मेलचा बॅलट घाईने पाठवू नका. 2020 ला कॅलिफोर्नियात कित्येकांनी बुटिजेज-क्लोबुशारला मत देऊन पाकीट टाकलं आणि मतदानाच्या एक-दोन दिवस आधी ते दोघं बाहेर पडले. गेलेलं मत परत येत नाही.

न्यू जर्सीत अजून एक गोष्ट होती, काउंटी पक्षाची पसंती असलेले सगळे उमेदवार बॅलटवर एका ओळीत आणि बाकीचे कुठेतरी कोपऱ्यात. तेव्हा सिनेटच्या तिकिटासाठी लढणाऱ्या अँडी किम यांनी त्यावर खटला केला आणि 2024 च्या मार्चमध्ये फेडरल न्यायाधीशांनी त्या वर्षीच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरतं ते थांबवलं. म्हणून जुने लोक "ओळीत खाली टिक करत जा" सांगतील त्यांचं ऐकू नका, नावं वाचा.

ग्रुपमधल्या एच-वन आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठीही लिहून ठेवते कारण उत्साहात लोक चुकतात. सिटिझन नसाल तर मत द्यायचंच नाही, ड्रायव्हिंग लायसन्स काढताना चुकून मतदार नोंदणीवर सही झाली तरी पुढे इमिग्रेशनला फार महागात पडतं. ग्रीन कार्डवाले उमेदवाराला डोनेशन देऊ शकतात, एच-वनवाले नाही, पाच डॉलरसुद्धा नाही. वाद मात्र कुणीही घालू शकतं, आणि आमच्याकडे तर सगळ्यात कडाडून तेच घालतात.

तुमच्या मताचं विचाराल तर मी असं करेन: एप्रिलपर्यंत ऐकत राहा, उमेदवार किती उरलेत ते बघा, एकच उरला असेल तर प्रश्नच मिटला, दोन-तीन असतील तर मनातला 15 च्या वर आहे का ते बघा आणि असेल तर त्यालाच द्या. बाकी विस्कॉन्सिनमधल्या माणसाचं विस्कॉन्सिनमधला माणूस बघून घेईल.

आणि त्या दोन मित्रांचं. त्यांना एकत्र बसवायचा प्रयत्न करणार असाल तर हिलरी-बर्नी हा विषय मुळीच काढू नका, फक्त एवढं हळूच विचारा की 7 जून 2016 ला प्रत्यक्ष मतदानाला कोण कोण गेलं होतं. आमच्या मंडळात मी एकदा विचारलं होतं. ग्रुपवर सगळ्यात जास्त भांडलेले सतरा जण, त्यातले कॉकसला आलेले सहा. एकाच्या मुलीचं अरंगेत्रम होतं, दोघांचा पत्ता जुना निघाला, आणि एक जण म्हणाला, त्या दिवशी फार थंडी होती ना.